पाच जणांनी वाचलेलं पान

गेल्या वर्षीच्या आपल्या अंकातलं शेवटून तिसरं पान कुणाला आठवतंय का? बहुतेकांना नाही आठवणार. त्या पानावर आपल्या मेसमधल्या मावशींना श्रद्धांजली होती. वर एक छोटा फोटो आणि खाली बारा-तेरा ओळी. मावशी म्हणजे रात्री अकराला लॅबमधून परतणाऱ्यांसाठी दोन पोळ्या झाकून ठेवणाऱ्या मावशी. हॉस्टेलमधल्या जुन्या मंडळींना जास्त सांगायला नको.

त्या मजकुरात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'सन २०१८ मध्ये पती वारल्यावर मावशींनी आपल्या मेसमध्ये कामाला सुरुवात केली.' आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'त्यांच्या पश्चात पती, दोन मुली आणि एक मुलगा असा परिवार आहे.'

हे पान छापायला जाण्याआधी पाच जणांनी वाचलं होतं. पाचवी मी.

अंक आला तेव्हा मावशींची धाकटी मुलगी प्रत न्यायला आली. बारावीत होती ती. मेसच्या दारात उभ्या उभ्या तिनं ते पान वाचलं, परत एकदा वाचलं, आणि हळूच म्हणाली, "ताई, बाबा तर मी सहावीत असतानाच गेले." ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग चौकशी झाली. ती शेवटची ओळ एका जुन्या अंकातल्या श्रद्धांजलीवरून उचललेली होती, 'पती' तिच्याबरोबर तसाच आला. पण ती आली कशी यापेक्षा ती पाच जणांच्या डोळ्यांखालून गेली कशी, यावर जास्त चर्चा झाली. कुणी म्हणालं, लक्ष कुठे असतं तुमचं? कुणी म्हणालं, आजकालच्या मुलांना मराठी येतच नाही. आणि एक टोमणा खास माझ्यासाठी होता : कॉन्व्हेंटवालीच्या हातात प्रूफं दिलीच कशाला?

चूक माझी होती, ती मी मान्य करते. पण ही तिन्ही कारणं मला मान्य नाहीत. वर्षभर मी यावर विचार केला, थोडं वाचन केलं, आणि आज या अंकात ते मांडायचं ठरवलं. कारण कारणच चुकीचं धरलं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच होणार!

आधी मराठी कच्चं असण्याबद्दल. त्याच पानावर मी तीन चुका पकडल्या होत्या. 'श्रध्दांजली'चं 'श्रद्धांजली' केलं, 'सुरूवात'चं 'सुरुवात' केलं आणि 'विद्यार्थीनी'चं 'विद्यार्थिनी' केलं. माझ्या आधी ज्यानं ते पान वाचलं त्याला दहावीला मराठीत पंच्याण्णव होते आणि त्याच्या नजरेतून या तिन्ही सुटल्या होत्या. मला त्या दिसल्या त्या मी हुशार म्हणून नाही. मी मराठी हळू वाचते म्हणून. शाळेत आमचं सगळं इंग्रजीत. मराठीचा तास म्हणजे दिवसातली पस्तीस मिनिटं, तीही डबा खाल्ल्यानंतरची. घरी बोलायचो मराठीच, पण वाचायची सवय नाही. त्यामुळे अजूनही मी देवनागरी वाचते ती जवळजवळ एकेक अक्षर लावत. ज्याला सराव आहे त्याला शब्दाचा चेहरा पाहूनच शब्द कळतो. तो अक्षर बघतच नाही, मग वेलांटी कुठली बघणार?

हे फक्त मराठीतच होतं असं नाही. १९७६ साली अ‍ॅलिस हीली या संशोधिकेनं लोकांना इंग्रजी मजकूर वाचताना 'टी' हे अक्षर दिसेल तिथे खोडायला सांगितलं. सर्वांत जास्त 'टी' सुटले ते 'द' या शब्दातले, म्हणजे जो शब्द सगळ्यांच्या सर्वांत ओळखीचा त्यातलेच. ओळख वाढली की बघणं कमी होतं, असा त्याचा सरळ अर्थ.

म्हणजे मी अक्षरांच्या चुका पकडत होते. पण मग 'पती' का सुटला?

तर मित्रांनो, इथे खरा मुद्दा येतो. 'त्यांच्या पश्चात पती, दोन मुली आणि एक मुलगा' या ओळीत चूक नाहीच. व्याकरण बरोबर, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. तिसऱ्या ओळीतही चूक नाही. चूक आहे ती दोन ओळींच्या मधे. ती दिसायला शेवटची ओळ वाचताना तिसरी ओळ डोक्यात जिवंत असावी लागते. आणि ही जी 'आत्ता, या क्षणी' डोक्यात धरून ठेवण्याची जागा आहे तिला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणतात. मराठीत कार्यरत स्मृती म्हणता येईल.

आपण इंजिनिअरिंगवाले लगेच म्हणू, म्हणजे रॅम! साधारण तसंच, पण आपली ही रॅम फारच लहान आहे. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी तिचा आकार सात, फार तर दोन कमी-जास्त, असा सांगितला. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी सगळे प्रयोग तपासून तो चारच्या आसपास आणला. चार गोष्टी! शिवाय ती गळकी आहे. बँकेचा ओटीपी आला की तो टाइप होईपर्यंत आपण पुटपुटत राहतो ना? पुटपुटणं थांबलं की आकडे गेले. १९७४ मध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी या स्मृतीचा जो आराखडा मांडला त्यात या पुटपुटण्याला स्वतंत्र खातं आहे, चित्रं धरून ठेवायला दुसरं खातं आहे, आणि दोघांवर एक साहेब आहे. लक्ष कुठे द्यायचं ते हा साहेब ठरवतो. साहेब एकच, आणि त्याला एका वेळी दोन कामं नीट जमत नाहीत.

आता माझं काय झालं ते बघा. माझा साहेब 'श्र'खाली 'द्ध' की 'ध्द' यात गुंतलेला. एकेक अक्षर लावण्यातच चारही जागा भरल्या. तिसऱ्या ओळीतले पती शेवटच्या ओळीपर्यंत धरायला जागाच उरली नाही. पंच्याण्णववाल्याचं उलटं. त्याला जागा भरपूर होती, पण त्याला मावशी माहीत होत्या, मजकूर माहीत होता, श्रद्धांजलीची शेवटची ओळ कशी असते हेही पाठ होतं. 'त्यांच्या पश्चात' एवढं वाचलं की पुढचं डोळ्यांनी वाचायची गरजच नाही. मी वाचत असून विसरत होते, तो आठवत असून वाचत नव्हता. दोघांच्या मधून चूक निघून गेली.

हे अंतराचं प्रकरण १९८० मध्ये मेरेडिथ डॅनमन आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवरच तपासलं होतं. मुलांनी काही वाक्यं मोठ्यानं वाचायची आणि शेवटी प्रत्येक वाक्यातला शेवटचा शब्द आठवून सांगायचा. कुणाला दोन-तीनच जमत, कुणाला पाच. मग त्याच मुलांना उतारे देऊन विचारलं, इथे 'तो' म्हणजे कोण? 'तो' आणि तो ज्याच्याबद्दल आहे तो माणूस यांच्यात जितकी वाक्यं जास्त, तितकी कमी आकड्यावाली मुलं जास्त चुकली. जवळजवळ असताना मात्र त्यांनाही जमत होतं. आमच्या रूममध्ये आम्ही चौघींनी मराठी वाक्यं घेऊन हा खेळ खेळून पाहिला. चौथ्या वाक्यानंतर आमच्यात हास्याशिवाय काही उरलं नाही. करून बघा.

मराठीत तर हे जास्तच जाणवतं, कारण आपलं क्रियापद बसतं शेवटी, आणि त्याचं लिंग ठरतं कुठेतरी मागे. हे वाक्य वाचा : 'तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी रात्रभर जागून तयार केलेला आणि प्राचार्यांनी स्वतः येऊन पाहिलेला आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल परीक्षकांच्या टेबलावर ठेवताना एका बाजूला किंचित कलली.' काही खटकलं? 'पूल कलली' एवढंच लिहिलं असतं तर पहिलीतलं पोर हसलं असतं. पण मधे सहा शब्द घातले, शेवटी 'बाजू' हा स्त्रीलिंगी शब्द ठेवला, की पूल बाई होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. व्याकरण सगळ्यांना येतं. पूल मात्र तिथपर्यंत कुणी धरून ठेवलेला नसतो.

दुसरं, लेख ज्यानं लिहिला त्यानंच तपासायचा ही आपली पद्धत. डॅनमन आणि स्टेन्टन यांनी १९९३ मध्ये हेही तपासून ठेवलंय. स्वतः लिहिलेल्या मजकुरातल्या चुका शोधणं दुसऱ्याच्या अनोळखी मजकुरापेक्षा अवघड जातं, कारण तो फार ओळखीचा झालेला असतो. आपण कागद वाचत नाही, डोक्यातला मजकूर वाचतो. आपल्या ब्लॅक बुकमध्ये गाइडचं नाव चुकतं ते याचमुळे!

आणि तिसरं, आपलं हॉस्टेल. १९९० साली ब्रिटनमधल्या एका प्रयोगात प्रूफ वाचणाऱ्यांच्या कानावर बोलणं सोडलं. बोलणं अर्थपूर्ण असेल तर जास्त चुका सुटल्या. ते मोठ्यानं होतं की हळू, यानं फरक पडला नाही. मी मावशींचं पान रात्री दीडला वाचलं, कॉटवर. शेजारच्या कॉटवर फोन चालू होता. ती बिचारी कुजबुजतच होती. पण साहेबाला काय, कुजबुजही ऐकावीशी वाटते.

आता कुणी म्हणेल, एका कॉलेजच्या अंकातल्या एका ओळीचं एवढं काय? तर आपल्याच धंद्यातली दोन उदाहरणं. १९६२ च्या जुलैमध्ये नासाचं मरिनर-१ हे यान उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आत मुद्दाम नष्ट करावं लागलं. समीकरण उतरवून घेताना एका चिन्हावरची आडवी रेघ सुटली होती, हे त्याचं एक कारण. ही माझ्या 'द्ध'सारखी चूक. दुसरं उदाहरण १९९९ मधल्या मार्स क्लायमेट ऑर्बायटरचं. एका गटाचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं, दुसऱ्याचं ते न्यूटन-सेकंद समजून घेत होतं. आपापल्या जागी दोन्ही आकडे बरोबर दिसत होते. चूक दोघांच्या मधे होती, आणि यान मंगळावर पोचून गेलं. ही आपल्या 'पती'सारखी चूक. उद्या आपल्यापैकी कुणी पुलाचं ड्रॉइंग तपासेल. पान चारवर सळईचा व्यास एक आणि पान एकवीसवर दुसरा... तेव्हा 'माझं लक्ष होतं' हे उत्तर चालणार नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच की 'लक्ष द्या' ही सूचना नाही, तो शेरा आहे. ज्या माणसाकडे चारच जागा आहेत त्याला पाचवी गोष्ट धरायला सांगून उपयोग नाही. काम वाटून द्यायला हवं. आणि हे आपल्या जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. खिळ्यांच्या छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत प्रूफं दोघं मिळून तपासत. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविरामासकट. त्याला कॉपी होल्डर म्हणत. दुसरा नुसता प्रूफावर डोळा ठेवायचा. धरून ठेवायचं काम एकाकडे, बघायचं काम दुसऱ्याकडे. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींनी मुंबईत काढलेला निर्णयसागर छापखाना संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध छपाईसाठी नावाजला गेला तो कॉम्प्युटरशिवाय, हे विसरून चालणार नाही. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना हीच गोष्ट आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये सांगितली : कोड तपासायला माणसं बसवा, आणि त्यांच्यात कामं वाटून द्या.

शुद्धलेखनाचंही तसंच. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ साली आलेले आणि पुढे भर पडून झालेले नियम अठरा आहेत. ते डोक्यात ठेवून प्रूफ वाचायला बसलं की डोकं तिथेच भरतं. अरुण फडके यांनी आपल्या छोट्या पुस्तकाचं नावच ठेवलंय 'शुद्धलेखन तुमच्या खिशात'. मला ते नाव फार आवडतं. खिशात ठेवा, डोक्यात जागा राहू द्या! आणि ज्यांनी हे आयुष्यभर केलं त्यांच्याकडे बघा. १९२५ साली जन्मलेल्या यास्मिन शेख यांनी मराठीचं व्याकरण शिकवलं, 'मराठी शब्दलेखनकोश' लिहिला, 'अंतर्नाद' मासिकाच्या त्या व्याकरण सल्लागार होत्या. एवढं ज्ञान असलेल्या व्यक्तीनं कोश लिहिला तो आपण सगळं पाठ करावं म्हणून नव्हे, उघडून बघावं म्हणून.

'आता एआय आहे की, त्यालाच द्या' असंही एकानं सुचवलं. द्या, माझी ना नाही. 'श्रध्दांजली' तो पकडेल, कदाचित दोन ओळींतला विरोधही दाखवेल. पण दोनांपैकी खरी ओळ कुठली हे त्याला कुठून माहीत असणार? त्यासाठी मावशींच्या घरी फोन करावा लागतो. तो आपण केला नव्हता.

म्हणून या वर्षीच्या अंकासाठी मी मासिकाच्या मॅडमना चार गोष्टी सुचवल्या आणि त्यांनी मान्य केल्या. एक, प्रत्येक पान तीनदा वाचायचं, पण दर वेळी एकच गोष्ट बघायची : एकदा अक्षरं, एकदा वाक्यं, एकदा माहिती. दोन, माहिती वाचताना शेजारी कोरा कागद ठेवायचा आणि प्रत्येक नाव, साल, नातं त्यावर उतरवायचं. 'पती : वारले, २०१८' एवढं कागदावर असतं तर शेवटच्या ओळीला पेन थांबलंच असतं. तीन, ज्यानं लिहिलं त्यानं शेवटचं प्रूफ बघायचं नाही, आणि दोघांनी मोठ्यानं वाचायचं. वाचनालयात नाही, मेसमध्ये दुपारी तीन ते पाच, तेव्हा तिथे कुणी नसतं. चार, कुणाही जिवंत वा गेलेल्या माणसाबद्दलचं पान त्याच्या घरच्यांना दाखवल्याशिवाय छापायला द्यायचं नाही.

यात एक फायदाही दिसला. हळू वाचणारे आणि भरभर वाचणारे दोघंही लागतात! अक्षरं बघायला माझ्यासारखी कॉन्व्हेंटवाली बसवा, माहिती बघायला पंच्याण्णववाला. टोमणे मारण्यापेक्षा हे बरं.

कुणी म्हणेल, ही सगळी सबब झाली, चूक ती चूकच. बरोबर आहे. मेंदूत चारच जागा आहेत म्हणून त्या मुलीचं वाईट वाटणं कमी होत नाही. उलट माझी मर्यादा मला माहीत असूनही मी रात्री दीडला एकटीनं ते पान 'ओके' केलं तर तो निष्काळजीपणाच. फरक एवढाच, की गेल्या वर्षी ती माहीत नव्हती. आता आहे. तुम्हालाही आहे.

गेल्या वर्षी चूक कळली तेव्हा निम्म्याहून जास्त प्रती वाटून झाल्या होत्या. उरलेल्यांवर आम्ही शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली. ज्यांच्याकडे चिठ्ठी नसलेली प्रत आहे त्यांच्यासाठी ती ओळ इथे पुन्हा छापत आहोत. या वेळी आधी मावशींच्या मुलीला वाचून दाखवली आहे.

'मावशींच्या पश्चात दोन मुली आणि एक मुलगा असा परिवार आहे.'

प्रूफं वाचायला येणाऱ्यांनी येताना पेन्सिल आणि एक कोरा कागद आणावा. फोन रूमवर ठेवावा.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी, पनवेल